सायक्लोक्रॉस सायकल पावसाळ्यासाठी आणि खराब रस्त्यांसाठी कशी तयार करावी?

प्रश्न : मी कोल्हापूरला राहतो, वजन ७५ किलो. रोज गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सायकलने कामाला जायचं आणि रविवारी गगनबावड्याच्या बाजूला फिरायचं, असा बेत आहे. त्यासाठी सेकंडहँड सायक्लोक्रॉस सायकल घेतली. फ्रेम ॲल्युमिनियमची, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) कार्बनचा, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढे ४६/३६ दातांच्या प्लेट, मागे ११-२८ दातांची कॅसेट, टायर ३३ मिमीचे नॉबी, म्हणजे खुंटांचे. विकणारा म्हणाला, "ही चिखलासाठीच बनलेली आहे, काही करावं लागणार नाही." खरंच काही करावं लागणार नाही का?

उत्तर : करावं लागेल, आणि बरंच करावं लागेल. सायकल चिखलासाठी बनलेली आहे हे विकणाऱ्याचं म्हणणं खरं आहे. फक्त किती वेळच्या चिखलासाठी, ते त्यानं सांगितलं नाही.

सायक्लोक्रॉस हा युरोपातला थंडीच्या दिवसांतला खेळ. फ्रान्समध्ये १९०२ साली त्याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, १९५० मध्ये पॅरिसला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली, आणि आज त्याचं माहेर म्हणजे बेल्जियममधला फ्लँडर्सचा मुलूख. ओल्या कुरणांतून, वाळूतून, पायऱ्यांवरून जाणारी अडीच ते साडेतीन किलोमीटरची फेरी, आणि साधारण तासभर तिच्याच चकरा. चिखल दाट असला की स्पर्धक दर अर्ध्या फेरीला पिटमध्ये, म्हणजे सायकल बदलायच्या जागेत, शिरतो, राड झालेली सायकल तिथे सोडतो आणि धुतलेली दुसरी घेऊन निघतो. तो परत येईस्तोवर त्याची माणसं पहिली सायकल फवाऱ्याखाली धुऊन, चेनला तेल घालून तयार ठेवतात.

तुमच्याकडे पिट नाही आणि दुसरी सायकलही नाही. तुमची एकच सायकल जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज भिजणार, खड्डे खाणार, रात्री जिन्याखाली ओलीच उभी राहणार आणि सकाळी पुन्हा कामावर जाणार. चिखलात एक तास पळण्याची सोय कारखान्याने करून दिली आहे. चार महिने टिकण्याची सोय आपण करायची. माझ्याकडे अशी सायकल आली की मी प्रत्येक भागापाशी थांबून दोनच गोष्टी बघतो : पाणी आणि वाळू इथे कुठून शिरेल, आणि शिरली तर बाहेर कशी पडेल.

तुमच्या हाती आलेली फ्रेम मुळात फार चांगली आहे, हेही सांगतो. टायर आणि फ्रेममध्ये जागा आहे. मागचा त्रिकोण रेसिंगच्या रोड सायकलपेक्षा थोडा लांब असतो, त्यामुळे मडगार्ड बसवायला जागा मिळते. बऱ्याच सायक्लोक्रॉस फ्रेमवर केबली वरच्या नळीवरून जातात. तसं करण्याचं कारण चिखलच : खालून नेलेली केबल चाकाने उडवलेल्या पाण्यात कायम न्हात असते. वरच्या नळीचा खालचा भाग हात फिरवून बघा, कदाचित चपटा लागेल. शर्यतीत चढावर सायकल खांद्यावर टाकून पळावं लागतं, तेव्हा नळी रुतू नये म्हणून तो तसा असतो. गगनबावड्याच्या रस्त्यावर दरड आली आणि पलीकडे उचलून न्यायची वेळ आली, तर त्याची किंमत कळेल.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी मडगार्ड.

लोक मडगार्ड कपडे वाचवायला लावतात. मी ते सायकल वाचवायला लावतो. पुढचं चाक जे पाणी उडवतं ते थेट हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या सांध्याच्या) खालच्या बेअरिंगवर, बॉटम ब्रॅकेटवर (पॅडलचा दांडा फिरतो त्या सांध्यावर) आणि चेनवर येतं. मागचं चाक उडवतं ते सीट ट्यूबच्या वरच्या तोंडावर आणि पुढच्या डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागावर. आणि हे पाणी साधं नसतं, त्यात बारीक कच असते. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या सायकलींत पहिलं मरतं ते हेडसेटचं खालचं बेअरिंग. पूर्ण मडगार्ड असलेल्या सायकलींत ते कितीतरी जास्त टिकतं, हे मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे.

मडगार्ड पूर्ण लांबीचं घ्या. सीटखाली अडकवायची ती छोटी पट्टी पाठ वाचवते, बाकी काही नाही. रुंदी टायरपेक्षा साधारण १० मिमी जास्त हवी, म्हणजे ३५ च्या टायरला ४५ चं. हवा भरलेल्या टायरपासून मडगार्डपर्यंत सगळीकडे एक सेंटिमीटरच्या आसपास अंतर ठेवा. फ्रेमवर स्क्रूची भोकं आहेत का ते नीट शोधा. मागच्या एक्सलजवळ आणि चिमट्याच्या आतल्या बाजूला ती लपवलेली असतात. ॲल्युमिनियम फ्रेमवर भोक नसलं तर रबर लावलेल्या पी-क्लिपने काम भागतं. कार्बनच्या चिमट्याला मात्र ड्रिल कधीही लावू नका, आणि धातूची क्लिप आवळूही नका. त्यासाठी रबराच्या पट्ट्यांनी बांधायची मडगार्ड मिळतात, ती वापरा.

पुढच्या मडगार्डला धरणाऱ्या काड्यांना सुटणारी क्लिप असलीच पाहिजे. ही गोष्ट टाळू नका. एखादी काटकी चाकाबरोबर वर गेली की मडगार्ड दुमडून चाक जाम करतं, आणि पुढचं चाक जाम झालं की माणूस हँडलवरून पुढे जातो. सुटणारी क्लिप असली तर काडी निसटते आणि चाक फिरत राहतं. बसवून झालं की पॅडल आडवं करून हँडल वळवा आणि बुटाचा पुढचा भाग मडगार्डला लागतो का ते बघा. थोडा लागत असेल तर सावकाश वळताना काळजी घ्यायची. फार लागत असेल तर मडगार्ड किंवा टायर बदलायचा.

मडगार्डच्या खालच्या टोकाला फ्लॅप लावा, तोही चांगला लांब. रस्त्यापासून पाच-सात सेंटिमीटर वर संपेल इतका. पाच लिटरच्या तेलाच्या प्लॅस्टिक कॅनची बाजू कापा, दोन भोकं पाडा, दोन नट-बोल्ट लावा. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढच्या फ्लॅपने पाय आणि चेन कोरडी राहते, मागच्याने तुमच्यामागून येणारा मित्र.

मडगार्ड कुठे काढायचं, हे आपल्या जिल्ह्यात माहीत असायला हवं. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडची तांबडी माती आणि जांभा पाण्याबरोबर वाहून जातो. तो डाग पाडतो, घासतो, पण अडकत नाही. शिरोळ-हातकणंगलेकडची काळी माती वेगळी आहे. तिच्यात गेलात की टायरला थरावर थर चढत जातो आणि मडगार्डच्या आत गच्च बसतो. एकदा शिरोळजवळच्या शेतरस्त्याने मी अडीच किलोमीटरची वाट जवळची म्हणून धरली. दोनशे मीटरवर दोन्ही चाकं फिरायची बंद झाली, मागच्या मडगार्डची काडी वाकली, आणि उरलेली वाट सायकल खांद्यावर घेऊन काढली. काळ्या मातीत ओल असताना मडगार्डसकट जाऊच नये. त्या बाजूला जायचंच असेल तर डांबरी रस्ता धरा.

टायर. तुमचे ३३ मिमीचे आहेत, कारण शर्यतीच्या नियमात त्याहून रुंद टायर चालत नाही. तुम्हाला तो नियम लागू नाही. फ्रेममध्ये किती बसतो ते मोजायची सोपी युक्ती सांगतो : चाक जागेवर असताना टायर आणि फ्रेमच्या मधून ५ मिमीची ॲलन की सगळीकडून सरकवून बघा. मोकळी सरकली तर जागा पुरेशी आहे. बहुतेक सायक्लोक्रॉस फ्रेममध्ये मडगार्डशिवाय ३८-४० आणि मडगार्डसकट ३५ बसतो. तुमच्यासाठी मी ३५ च धरेन.

नॉबी टायर काढून ठेवा. ओल्या डांबरावर नॉब जास्त पकडतील असं वाटतं, पण उलट होतं. रबराचे ते छोटे खुंट वळणावर वाकतात आणि रस्त्याला टेकणारं रबर कमी पडतं. मोटारीचा टायर पाण्याच्या थरावर तरंगतो म्हणून त्याला खाचा लागतात. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो, आपल्या वेगाला तो पाणी कापून खाली टेकतोच. ओल्या रस्त्यावर पकड देतं ते रबर कसं आहे आणि हवा किती आहे. मध्ये गुळगुळीत किंवा बारीक रेघांचा आणि कडेला थोड्या गाठी असलेला टायर सर्वांत सोयीचा. डांबरावर बरा पळतो आणि साइडपट्टीच्या मुरमावर उतरलात तर घसरत नाही. पॅनारेसरचा ग्रॅव्हलकिंग किंवा श्वाल्बेचा जी-वन या जातीतले. नुसतं कामावर जाणं-येणं असतं तर मी श्वाल्बे मॅरेथॉन सांगितला असता. जड आहे, पण पंक्चर फार कमी होतं. तुमचा मार्ग हायवेच्या कडेने जातो, आणि तिथे ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक लोखंडी तारा पडलेल्या असतात. ओल्या रबरात त्या अलगद शिरतात. दर शनिवारी टायर बोटाने नव्हे, जुन्या सुती फडक्याने पुसा. तार असेल तिथे फडकं अडकतं. ती चिमट्याने ओढून काढा. निम्मी पंक्चरं अशी घरातच टळतात.

तुमच्या ७५ किलोला, ३५ मिमीच्या ट्यूबवाल्या टायरात पुढे ४५ आणि मागे ५० पीएसआयपासून सुरुवात करा. जोराच्या पावसात दोन्हीकडे पाच-पाच कमी. त्याच्या फार खाली गेलात तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चेपते आणि दोन शेजारी-शेजारी भोकं पडतात. ही पंक्चरं वारंवार व्हायला लागली की हवा कमी आहे असं समजा. रिम ट्यूबलेसची असेल तर ट्यूबलेस नक्की करा, मग पाच-सात पीएसआय आणखी खाली जाता येतं आणि रस्ता एकदम मऊ लागतो. फक्त आपल्याकडच्या उन्हात सीलंट (आतलं भोक बुजवणारं द्रव) लवकर सुकतं. दर दोन महिन्यांनी उघडून बघा आणि खिशात एक ट्यूब ठेवाच.

आता ब्रेक. या भागाला वेळ देणार आहे, कारण इथली चूक अंगावर येते.

काही वर्षांपूर्वी जुलैत मी आजऱ्याकडून आंबोलीला गेलो आणि तिथून सावंतवाडीच्या बाजूला उतरायला लागलो. दिवसभर संततधार. माझ्याही सायकलला तुमच्यासारखेच केबलवाले डिस्क ब्रेक होते, पॅड आठवड्यापूर्वी घातलेले, रेझिनचे. घाटाच्या मध्यावर जाणवलं की मागचा लिव्हर जरा जास्तच आत येतोय. आणखी दोन वळणांनंतर तो हँडलला टेकला. पुढच्या ब्रेकवर कसाबसा थांबलो, ॲडजस्टर फिरवून पॅड जवळ घेतले, पुन्हा निघालो. दाणोलीला पोहोचेपर्यंत असं तीनदा केलं. खाली पॅड काढून बघितले तर मसाला संपून लोखंडी पट्टी डिस्कला घासत होती. हात थरथरत होते, ते थंडीने नाही. त्या दिवसापासून घाटाच्या डोक्यावर थांबून पॅड बघितल्याशिवाय मी उतरायला सुरुवात करत नाही.

घडलं ते असं. पाण्यातली कच पॅड आणि डिस्कच्या मधे जाऊन पॉलिश पेपरसारखी घासते. रेझिनचा मऊ मसाला त्यापुढे टिकत नाही. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅड झिजले की पिस्टन आपोआप पुढे सरकतात. केबलच्या ब्रेकमध्ये तसं होत नाही. जितकं झिजेल तितका लिव्हर आत येत जातो, आणि तो परत जागेवर आणण्याचं काम तुमचं. म्हणून तीन गोष्टी करा.

पहिली, पावसाळ्यासाठी सिंटर्ड म्हणजे धातूमिश्रित पॅड घाला. ते आवाज करतात, थंड असताना थोडे कमी पकडतात, पण कच सहन करतात. त्याआधी डिस्कवर कोरलेलं वाचा. काही डिस्कवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं लिहिलेलं असतं, त्यांच्यावर धातूचे पॅड घातले तर डिस्क खराब होते. तशी असेल तर डिस्कही बदला. शिमानोची डिस्क नवी असताना १.८ मिमी जाड असते आणि १.५ ला आली की बाद. पॅडचा मसाला ०.५ मिमीवर आला की संपला. मी तर पावसाळ्यात एक मिलिमीटरलाच बदलतो. नवे पॅड घातले की मोकळ्या रस्त्यावर वीसेक वेळा पंचवीसच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत हळूहळू आणायचं, एकदम थांबायचं नाही. तेवढ्याने पॅड डिस्कला बसतात.

दुसरी, ॲडजस्टर कुठे आहे ते घरी शिकून घ्या. तुमच्या कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) दोन्ही पॅड हलतात की एकच, ते लिव्हर दाबून बघा. एकच हलत असेल तर स्थिर असलेला पॅडही झिजतो आणि तोही हाताने जवळ आणावा लागतो. हे विसरलं की डिस्क एका बाजूला वाकत राहते. नुसता केबलचा स्क्रू फिरवत बसू नका, पॅडच जवळ आणा. केबल ताणत गेलं की कॅलिपरचा हात आधीच अर्धा दाबलेला राहतो आणि जोर कमी मिळतो.

तिसरी, केबलचं आउटर, म्हणजे बाहेरची नळी, लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत एकसंध करा, डिस्क ब्रेकसाठी मिळणारं न दबणारं आउटर घ्या, आणि आतली केबल स्टेनलेस स्टीलची. मध्ये उघडी राहिलेली केबल पाणी पिते, आणि महिन्याभरात लिव्हर सोडला तरी ब्रेक सुटत नाही.

डिस्कवर तेल येऊ देऊ नका. चेनवर स्प्रे मारणं पावसाळ्यात बंद. एक फवारा डिस्कवर गेला की पॅड फेकून द्यावे लागतात. ओल्यात ब्रेक किंचाळतात ते वेगळं, दोनदा दाबले की तो आवाज थांबतो.

ज्यांच्या सायक्लोक्रॉसला रिमवर दाबणारे जुने कँटिलिव्हर ब्रेक आहेत त्यांच्यासाठी एकच सांगतो. ओल्या रिमवर सुरुवातीचा थोडा वेळ नुसता पाणी पुसण्यात जातो, म्हणून ब्रेक आधी हलका लावायचा आणि मग दाबायचा. पॅडमध्ये रुतलेली चकाकणारी कच दर आठवड्याला टोच्याने उकरून काढायची, नाहीतर ती रिम खाते.

गिअर. ४६/३६ हे शर्यतीचं माप आहे. सपाट कुरणात छोट्या चढांना ते पुरतं. तुमचा सर्वांत हलका गिअर ३६/२८. मिनिटाला ६० वेळा पॅडल मारलं तर त्यात वेग ताशी १० किलोमीटर पडतो. दमल्यावर, पाठीवर सामान, समोरून पाऊस, आणि करूळ किंवा भुईबावडा घाटातून वर येताना तो वेग गुडघ्यांना झेपत नाही. पुढची छोटी प्लेट ३४ ची करा. जिथे ३६ बसते तिथे बहुधा ३४ बसते. मागे ११-३४ ची कॅसेट घाला. मग त्याच ६० ला वेग ८ च्या आत येतो आणि बसून चढता येतं. मागचा डिरेलर ३४ घेतो का ते आधी त्याच्या मॉडेल नंबरवरून तपासा. छोट्या केजचा (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या हाताचा) असेल तर मध्यम केजचा लागेल. चेनही लांब लागेल. माझ्या मते पावसाळ्यात उतारावरचा वेग कुणी मागत नाही. चढाचा गिअर मिळाला की काम झालं.

चेनला पावसाळ्यात 'वेट' प्रकारचं तेल. शिलाई मशीनचं तेल पहिल्याच सरीत धुऊन जातं. जुनं इंजिन ऑइल आणि ग्रीस लावायची सवय अजून बऱ्याच दुकानांत आहे. ते टिकतं खरं, पण सगळी कच धरून ठेवतं आणि चेन आतून खरवडून काढतं. प्रत्येक रोलरवर एक थेंब, पॅडल उलटं फिरवून दहा मिनिटं थांबायचं, आणि मग बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसून टाकायचं. तेल आत हवं, बाहेरचं फक्त माती गोळा करतं. चेन किती ताणली ते साध्या फूटपट्टीने मोजता येतं. नव्या चेनच्या २४ कड्या, पिनपासून पिनपर्यंत, बरोबर १२ इंच भरतात. त्यात एक सोळांश इंच वाढ दिसली की चेन बदला. त्याच्या पुढे गेलात तर कॅसेटही सोबत जाते, आणि ती चेनच्या कितीतरी पट महाग.

फ्रेमच्या आत पाणी शिरतंच, सगळ्यात जास्त सीट पोस्टच्या क्लॅम्पपाशी. क्लॅम्पची फट बहुधा मागच्या चाकाकडे तोंड करून असते. जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापा, सीट पोस्टवरून सरकवून फटीवर बसवा. तसाच एक तुकडा हेडसेटच्या खालच्या सांध्यावरही बसवता येतो, आधी चिमटा उतरवावा लागतो. बॉटम ब्रॅकेटच्या खाली पाणी जायला भोक आहे का बघा आणि ते मातीने बुजलेलं असेल तर काडीने मोकळं करा. महिन्यातून एकदा सीट पोस्ट पूर्ण बाहेर काढून सायकल रात्रभर उलटी ठेवा. किती पाणी निघतं ते पाहून थक्क व्हाल. परत घालताना ॲल्युमिनियमच्या पोस्टला ग्रीस, कार्बनच्या पोस्टला कार्बन पेस्ट. कार्बनचा पोस्ट ॲल्युमिनियम फ्रेममध्ये पावसाळाभर तसाच ठेवला तर असा चिकटतो की कापून काढावा लागतो. मी दोन कापले आहेत.

स्टीलची फ्रेम असणाऱ्यांनी नळ्यांच्या आत रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल फिरवावं, वाळल्यावर त्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि गंज अडतो. त्या तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, पसरून वाळत घालावीत.

हब आणि हेडसेट एकदा उघडून पाण्यात न धुपणारं ग्रीस भरून घ्या. आणि कितीही राड झाली तरी मोटरसायकलच्या सर्व्हिसिंगच्या वॉटर जेटखाली सायकल धरू नका. शर्यतीत तो चालतो, कारण तिथे बेअरिंग वरचेवर बदलायचीच असतात. तुमच्यासाठी बादली, मऊ ब्रश आणि भांड्याचा साबण. घरी आल्यावर माती ओली असतानाच दोन तांबे पाणी वरून ओता, चेन फडक्यात धरून फिरवा, पुसा, उभी करा. तेल घालायचं ते सकाळी. रोजची दहा मिनिटं लागतात. कोकणात उतरून समुद्राकाठी राहिलात तर परतल्यावर गोड्या पाण्याने धुणं चुकवू नका, खारी हवा बोल्टसुद्धा सोडत नाही.

खराब रस्त्यांचा प्रश्न पाण्याइतकाच हादऱ्यांचा आहे. हादऱ्याने बोल्ट सैल होतात. मडगार्ड आणि कॅरिअरच्या प्रत्येक बोल्टला निळं लॉकटाइट लावा, ते पान्याने नंतर सुटतं. लाल लावू नका. दर रविवारी निघण्याआधी सायकल जमिनीपासून दहा सेंटिमीटर वर उचलून सोडा आणि ऐका. काहीतरी खडखडलं तर शोधा. चाकाचे स्पोक बोटांनी जोडी-जोडीने दाबून बघा, एखादा ढिला लागला तर लगेच आऊट काढून, म्हणजे स्पोक आवळून चाक सरळ करून घ्या. एक ढिला स्पोक शेजारच्यांना तोडतो. हँडलवर दुहेरी टेप गुंडाळा, हातांना तासाभरातच फरक कळतो.

डिरेलर हँगर जास्तीचा एक आजच मागवून ठेवा. फ्रेमला मागचा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याने जोडलेला असतो तो हा. सायकल उजव्या बाजूला पडली की हा वाकतो किंवा तुटतो, आणि प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. सेकंडहँड सायकलचा हँगर ऐन पावसाळ्यात शोधायला गेलात तर महिना जातो. मिळाला की सीटखालच्या पिशवीत टेपने चिकटवून ठेवा.

रस्त्याबद्दल थोडं. पाणी भरलेल्या खड्ड्यातून जाऊ नका, त्याची खोली दिसत नाही. पांढऱ्या पट्ट्या, गटाराची लोखंडी झाकणं, पुलावरचे सांधे हे सरळ आणि ब्रेक न लावता ओलांडा. उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या सरीला रस्ता सर्वांत घसरडा असतो, सांडलेलं तेल वर येतं. घाटात झाडीखालच्या कडेला शेवाळ धरतं, म्हणून गाडीच्या चाकांनी घासलेल्या पट्ट्यातून चाला. आणि गगनबावड्याच्या वाटेवर मांडुकलीला रस्त्यावर पुराचं पाणी आलं की तिथूनच मागे फिरा. ओढ कळत नाही, आणि एक्सलवर पाणी गेलं की हबही गेले.

पैसे एकदम लावायची गरज नाही. आधी ब्रेकचे पॅड, आउटर आणि मडगार्ड. मग टायर. पगार झाला की कॅसेट आणि छोटी प्लेट. बेअरिंग तपासल्यावर गरज असेल तरच. हे सगळं मृग लागायच्या पंधरा दिवस आधी उरका, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस अंगणात सायकल उभी करून, मागचं चाक फिरवत, दोन बादल्या पाणी टायरवर ओतता येईल. पाणी कुठून निसटून फ्रेमवर येतंय ते डोळ्यांनी दिसतं. तिथला फ्लॅप दोन बोटं वाढवा आणि मग त्याच वाटेवरच्या कळे गावापर्यंत एक चक्कर मारून या.